ड्रमामागचा पाट

आमचे आबा उभं आयुष्य गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्यामुळे आमच्या घरात साधी चहापत्ती बदलायची तरी ठराव लागतो. सूचक आई, अनुमोदक माझी बायको. मी हजर सभासद. वयाची पन्नाशी आली, पण मताचा हक्क काही मिळाला नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आबा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. आमच्याकडे तेव्हा आंघोळ म्हणजे पसरट टबात उकिडवं बसायचं आणि अंगावरून ओघळलेलं पाणी परसातल्या लिंबोणीला नेऊन ओतायचं. आबांना आता ते जमणार नव्हतं. मी मोठ्या उत्साहानं तांब्या घेऊन न्हाणीत शिरलो, तर ते कोरडेच बाहेर आले.

"तुला मी आंघोळ घातलीया. उलटा कारभार मंजूर न्हाई."

मग मी प्लास्टिकचं स्टूल आणलं. ते ओल्या फरशीवरून सटकलं. मी आबांना वेळेवर धरलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी आधी पडलो आणि आबा माझ्यावर बसले.

त्या दिवसापासून ते ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे आणि आतल्या खोलीत बसून राहायचे. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायच्या वेळी सोसायटीच्या ओट्यावर जाऊन बसणारा हा माणूस उंबरा ओलांडेना. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "पाय दुखतोय." पाय दुखत नव्हता. आई हळूच म्हणाली, "अंगाला वास यील म्हून लाजत्यात. एकट्यानं आंघोळ केल्याबिगर ते भाईर पडायचे न्हाईत."

बीडच्या दुकानात भिंतीला बसवायच्या दुमडत्या सीट मिळाल्या. स्टीलची उन्हाळ्यात चटका देईल असं वाटलं. प्लास्टिकशी माझं आधीच भांडण झालेलं. राहिली सागवानी पट्ट्यांची. शॉवरखाली बसायला केलेली वस्तू. आमच्या नळाला पाणी नाही हे मी दुकानदाराला सांगितलं नाही.

घरी आबांनी ती उलटीपालटी करून बघितली. "पाटच हाय की! भिंतीला कशाला टांगायचा?"

"न्हाणी अरुंद हाय, आबा. आंघोळ झाली की दुमडून टाकायचा."

"पट्ट्यांमधून पाणी खाली पडतंय. मग टब खाली सरकवता यील." ते पहिल्यांदा हसले. "मंजूर."

माझा मेव्हणा मांजरसुंब्याहून ड्रिल मशीन घेऊन आला. मी टेप धरला, खूण केली. आतली भिंत चार इंची, म्हणून बाहेरची जाड भिंत निवडली. आबांचे पाय जमिनीला टेकतील अशी उंची धरली. मेव्हण्यानं बोल्ट आवळले, स्वतः बसून दणादणा उसळ्या मारल्या आणि म्हणाला, "दाजी, आता यावर म्हैस बसवा." बायकोनं हळदकुंकू वाहिलं, आईनं नारळ फोडला. आपणही काही कामाचे आहोत असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

टँकरच्या दिवशी आम्ही न्हाणीतला ड्रम घासून अंगणात वाळत ठेवतो. हॉर्न वाजला की घरात पळापळ. आम्ही ड्रम उचलला, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला, खिडकीतून पाईप घेतला आणि काठोकाठ भरून घेतला. आबा नवी कोरी साबणवडी हातात धरून, वॉकर टेकत दाराशी आले.

"सीट कुठंय?"

मी बोट दाखवलं. सीट भिंतीला चिकटलेली होती आणि तिच्यापुढं भरलेल्या ड्रमाचं पोट. ती उघडायला वीतभरही जागा नव्हती. ड्रम अंगणात असताना मी न्हाणीचं माप घेतलं होतं!

मेव्हणा ड्रमाला खांदा लावून बघत म्हणाला, "दाजी, आंघोळ पुढच्या टँकरला."

आबा साबण खिशात ठेवून आत वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईनं पदर खोचला. "पातेली काढा." मग घागरी, हंडे, कुकर, डबे, जे सापडेल त्यात आम्ही पाणी काढलं. ड्रम हलका झाला, पण ठेवायचा कुठे? अंगणात उन्हं, ओसरीवर शेजाऱ्यांची जनावरं तोंड घालणार. खोलीतून आबांचा आवाज आला, "बैठकीत. ह्याच्या टेबलाच्या जागी."

"आबा, मी लिहितो त्यावर!"

"लिवायला झाडाखाली बी येतंय. झाडाखाली पाणी ठिवलं तर ऊन पितंय."

सूचक, अनुमोदक, ठराव पास. माझं टेबल परसात लिंबोणीखाली गेलं.

आबा न्हाणीत शिरले. सीट खाली आली, टब तिच्याखाली सरकला, बादली त्या बदनाम स्टुलावर चढली. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आम्ही चौघं दाराबाहेर श्वास धरून उभे. मग पाण्याचा पहिला तांब्या पडला, आणि बायकोनं माझा दंड केव्हापासून आवळून धरला होता ते मला तेव्हा कळलं.

"भाईर कोण उभं हाय?" आतून आवाज. "सभा भरवली का? कोरम झाला असंल तर जावा घरला."

आई तोंडाला पदर लावून हसली आणि डोळे पुसत चुलीकडे गेली.

आबा बाहेर आले ते धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि साबणाचा भपकारा घेऊन. वॉकर थेट ओसरीच्या दिशेनं वळवला. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती.

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"ओट्यावर. आन् तू," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टब उचल. लिंबोणीला घाल. तुझे कागद तेवढे बाजूला घे."