त्या दुपारचा खड्डा

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण— जाऊ द्या, कारण काही नाही. सांगतो.

नवापूरला माझं कोंबड्यांचं शेड आहे. रुमश्या तिथं कामाला होता. खाद्य, पाणी, खालचा भुसा हलवणं, सगळं त्याच्यावर. माणूस इतका सरळ की मीच चिडवायचो— अरे, जरा लबाडी शीक रे बाबा!

त्या वर्षी मरतूक सुरू झाली. रोज सकाळी शेडमध्ये कोंबड्या मरून पडलेल्या. पशुसंवर्धन खात्याला कळवायचं असतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण कळवलं की ते येणार, जिवंत कोंबड्याही मारून पुरणार, शेजारच्या शेडांतल्यासुद्धा. मी कळवलं नाही. बाजाराच्या दिवशी, भरदुपारी, आसपास चिटपाखरू नसताना रुमश्याला घेऊन शेडमागं खड्डा केला. मेलेल्या कोंबड्या टाकल्या, वर चुना, वर माती. "कोणले सांगू नको हं," मी म्हणालो. त्यानं आपल्या देवीची, याहामोगीची, आण घेतली.

त्याच दुपारी विसरवाडीकडच्या एका पेट्रोल पंपावर दरोडा पडला. गावठी कट्टा रोखून गल्ला लुटला. पकडलेल्यांत रुमश्याचा चुलतभाऊ निघाला, आणि पोलिसांनी रुमश्यालाही उचललं. पंपावरच्या माणसानं त्याच्याकडे बोट दाखवलं— हाच होता.

कोर्टात तो एकच सांगत राहिला, "मी शेडवर होतो. भाऊंना विचारा." भाऊ म्हणजे मी. शेडवर काय करत होतास, हे सरकारी वकिलांनी किती खोदून विचारलं! त्यानं कोंबड्यांचा शब्द काढला नाही. मग त्याच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हे आरोपीलाच शाबीत करावं लागतं म्हणे. आणि त्याच्याकडे माझ्याशिवाय होतं कोण?

मी शपथ घेतली. आणि म्हणालो— त्या दिवशी मी त्याला बाजारासाठी सुट्टी दिली होती.

रुमश्या माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही— भाऊ विसरले असतील, आत्ता आठवेल त्यांना, अशा नजरेनं बघत होता.

साथ तर तोवर केव्हाच संपली होती. मग भ्यालो कशाला? उरलेल्या कोंबड्या मी घाईघाईनं सुरतेला विकून टाकल्या होत्या, आजारी आहेत हे ठाऊक असून. ते बाहेर आलं असतं. चारचौघांत नाव होतं माझं. त्या नावासाठी, दुसरं काही नाही. थू!

त्याला सक्तमजुरी झाली. त्याची बायको सुमी आता माझ्याच शेडवर कामाला आहे. मीच बोलावून काम दिलं, मोठं पुण्य केल्यासारखं. आधी ती त्याला भेटायला तुरुंगात जायची. एकदा अंडी वेचता वेचता म्हणाली, "भाऊ, तुम्ही कशाला खोटं बोलाल? तोच खोटा निघाला." मग तिनं जाणं बंद केलं. पोरीला सांगते, तुझा बाप चोर आहे. मी तिथंच उभा असतो. ऐकतो, आणि पाण्याची भांडी भरायला लागतो.

त्या दुपारी रुमश्या माझ्याबरोबर होता. फावडं त्याच्या हातात होतं, चुन्याची पाटी माझ्या.