माझ्या कुंडीतली कारली

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण हसायचं नाही हं! माझा गाढवपणा ऐकून शेंबडं पोरसुद्धा हसेल.

ही गेल्यापासून मुलुंडच्या घरात मी एकटाच. त्यात डायबेटिस. वरच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी दर रविवारी भरल्या कारल्यांची वाटी पाठवायच्या. म्हटलं, आपणही लावू. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवली, बिया पेरल्या. आणि एका सकाळी बघतो तर काय, कुंडीतून वेल थेट वर चढलेला! पिवळी फुलं आली, मग कारली. मी रोज पाणी घालायचो, वेलाशी बोलायचो. घरात दुसरं होतं कोण? कारली तोडायला तर हात धजेना.

एक दिवस वरच्या ग्रिलमधून हात आला आणि माझं कारलं तोडून गेला!

"ओ वहिनी! चोरी करता काय?"

"भाऊजी, खुळावलात काय? माझ्या बादलीतला वेल आहे तो!"

म्हणजे बघा, इतके दिवस ही बाई माझीच कारली मला खाऊ घालत होती, वर उपकार! माझं डोकं फिरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत त्यांना चोर म्हणालो. त्या गप्प बसल्या. मला वाटलं, सापडली!

सेक्रेटरी म्हणाला, "चला काका, बघूनच टाकू ना." अख्खी कमिटी माझ्या बेडरूममध्ये घुसली, मागून वहिनीही आल्या. सेक्रेटरीने कुंडीतला वेल चिमटीत धरला. अलगद उचलला गेला. मूळ नाही, काही नाही. नुसता शेंडा!

"काका, हा वर नाही चढला. वरून खाली आलाय."

अहो, मी इतके दिवस शेंड्याला पाणी घालत होतो! माझ्या बिया उगवल्याच नव्हत्या. हसून हसून कमिटीची वाट लागली. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

"मीच सोडला होता खाली," त्या म्हणाल्या. "भाऊजींना हात घालून तोडता यावीत म्हणून. ते तोडेनात, मग पूर्वीसारखी मीच तोडून, भरून पाठवत राहिले."

"कटकट नको, ग्रिलमधल्या सगळ्यांच्या कुंड्या-बादल्या काढा," सेक्रेटरीने फर्मान काढलं. वहिनींनी त्याच संध्याकाळी वेल कापला. तो माझ्या खिडकीवरून खाली गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

त्यांची शेवटची वाटी माझ्याकडेच राहिली होती. रिकामी कशी परत करायची? बाजारातून कारली आणली, जमतील तशी भरली आणि वाटी घेऊन वर गेलो.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. वाटीतल्या कारल्यांकडे बघितलं.

"ही कोणाची म्हणायची, भाऊजी?"