वैशालीचं पत्र, माझं ‘व्हय’

माझी बायको हे न कळताच गेली. अनगोळच्या घरात चाळीस वर्षं आम्ही एकत्र काढली. पोटातलं सगळं तिला सांगायचो — हे सोडून. आता तुम्हाला सांगतोय. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहून.

मी बेळगावच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. पोरं पी. डी. सर म्हणायची. बास्केटबॉल हे माझं वेड, आणि त्यातली एक खोड — जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत, एकाही संघानं बॉल हातात घ्यायच्या आत, जिल्ह्यातल्या मुलींच्या संघांची क्रमवारी लावायची आणि जिमखान्याच्या फळ्यावर लिहायची. लोक हसायचे, पण वाचायला यायचे. आमचं कॉलेज पाचवं, कधी सहावं. खोटं लिहीत नसे मी. फळ्यावर तरी नाही.

मग वैशाली आली. शहापूरची, विणकराची पोर. घरात यंत्रमाग, त्या खटखटीतच वाढलेली. तिचा ड्रिबल ऐकत राहावा — एका ठोक्यात, एका लयीत, समोरची मुलगी त्या लयीला सरावली की हिचा हात बदललेला असायचा आणि ही रिंगखाली पोचलेली. उंची फार नव्हती. पण बोर्डावर बॉल कुठे आपटून कुठे येणार, हे तिला बॉलच्या आधी कळायचं. कसं? मी सत्तावीस वर्षं खेळ शिकवला, मला नाही सांगता येणार. मी तिला काही शिकवलं असं मी म्हणत नाही. मी फक्त शिट्टी वाजवली.

तिच्या दुसऱ्या वर्षाच्या आधीच्या जूनमध्ये मी फळ्यावर आमचं कॉलेज पहिलं लिहिलं. चहाच्या गाड्यावर एकजण म्हणालाच, “औंदा खडू घसरला काय वो सर तुमचा?” मी छाती काढून हसलो.

आठवड्यात पत्र आलं. बेंगळुरूच्या एका कॉलेजचं, कानडीत, माझ्यामार्फत तिच्या वडिलांना. त्या कॉलेजवाल्यांनी तिला स्पर्धेत पाहिलं होतं. आमच्याकडून टी. सी. घेऊन तिनं तिकडे यावं, त्यांच्या संघातून खेळावं.

वैशाली तेव्हा सुट्टीला मामाकडे बोरगावला गेली होती. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. भला माणूस. शिकला मराठी शाळेत. कानडी बोलायचा व्यापाऱ्यांशी फाडफाड, पण वाचायचं म्हणजे बसच्या पाट्यांपुरतं. पत्रावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेला, आणि एका शब्दापाशी थांबला.

“उ-चि-त. उचित वसती, उचित ऊट. म्हंजे ऱ्हायचं-जेवायचं योग्य ते पैसं भरून. व्हय न्हवं, सर?”

आपल्याकडे उचित म्हणजे योग्य. कानडीत उचित म्हणजे फुकट. बाजारात कुणी तो शब्द वापरत नाही, तिथे ‘पुक्कटे’ म्हणतात. पण छापील कानडीत, पत्रात, तो असाच येतो. मला माहीत होतं. सीमेवर राहणाऱ्या माणसाला या दोन भाषांतले असले खड्डे माहीत असतात. नवख्याला आम्ही हसत हसत सांगतोही.

मी म्हणालो, “व्हय.”

एवढंच. एका शब्दाचं खोटं — त्याला खोटं तरी म्हणायचं का, असं मी स्वतःला किती वर्षं विचारलं असेल? चूक त्यांची, मी नुसती मान हलवली. असं मनाला समजावता येतं. बरेच दिवस समजावलंही.

आप्पांनी पत्राची घडी घातली. “आमाला न्हाय झेपायचं सर. पोरीला सांगू नगा, उगं जिवाला लावून घील.” आणि जाताना माझे आभार मानून गेले.

पण थांबा. अजून मी पूर्ण सांगितलेलं नाही. पत्राला दोन कागद होते. दुसऱ्यावर लिहिलं होतं की खेळाच्या बुटांची एक कंपनी त्या संघातल्या निवडक मुलींना बूट आणि दरमहा मानधन देते, बदल्यात त्यांचे फोटो दुकानांतून लावते. वैशालीचं नाव त्यांनी पसंत केलं आहे. त्या कागदावर अडखळण्यासारखा एकही शब्द नव्हता. आकडे होते, आणि आकडे आप्पांना नीट वाचता येत. तो कागद आप्पा येण्याआधीच मी काढून ठेवला होता. म्हणजे ‘व्हय’ तोंडातून निसटलं नव्हतं. मी त्याची वाट मोकळी करून बसलो होतो. का? फळ्यावरचं पहिलं नाव खरं ठरावं म्हणून. दुसरं कारण मी शोधलं; सापडलं नाही.

त्या वर्षी आम्ही पहिले आलो. हार माझ्या गळ्यात पडला. दुसरा कागद मी त्याच संध्याकाळी फाडला.

वैशाली आता निपाणीजवळच्या एका कॉलेजात स्वतः पी. डी. आहे. आप्पा राहिले नाहीत. गेल्या महिन्यात ती मला भेटायला आली. तिच्या संघातली सगळ्यात चांगली पोरगी बाहेरच्या मोठ्या कॉलेजनं मागितली, बुटांची जाहिरातही मिळाली — आता ते सगळं मोबाइलवरच चालतं म्हणे. यंदा वैशालीचा संघ पहिला येणार, असं सगळे आधीपासून म्हणत होते. तिनं एका दिवसात टी. सी. काढून दिली. वर स्टँडवर जाऊन पोरीला बसमध्ये बसवून आली.

“आणि तुझा संघ?” मी विचारलं.

“ऱ्हाईल की मागं, सर. संघ मागं ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे, पोरगी ऱ्हायला नको.” आणि हसून म्हणाली, “तुम्हीच शिकिवलंय की.”

तिच्यासमोर मी चहा प्यालो. पत्राचं सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

इतकी मोठ्या मनाची शिक्षिका मी पाहिली नाही. आणि खेळाडू म्हणून ती कुठवर गेली असती, हे आता कुणालाच कळायचं नाही — तिलाही नाही. ते कळू न देणारा माणूस मी आहे.