जगतपुऱ्यातलं चाकांवरचं घर

आमच्या मंडळींना कुठे बाहेर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जयपुरात आम्ही दोन मराठी घरं एकमेकांना धरून आहोत. मुरलीपुऱ्यात मी आणि माझा नवरा महेश, तो बँकेत. आणि मागच्याच गल्लीत पाटणकर आणि त्याची बायको सुनेत्रा, तो इन्शुरन्समध्ये. दर रविवारी कुणाकडे तरी पोहे होतात आणि पोह्यांबरोबर किस्से. किस्से ठेवायला कपाट लागत नाही हे एक बरं, नाहीतर दर बदलीला वेगळा ट्रक करावा लागला असता. यंदाचे सगळे एकाच सहलीतले आहेत, आणि त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही.

सहल निघाली आईमुळे. माझी आई इस्लामपूरला एकटी राहते. बाबा गेले, मी एकुलती एक. मागच्या हिवाळ्यात ती मोरीत घसरून पडली आणि मला सांगितलं कधी, तर सूज उतरल्यावर! तेव्हापासून अवेळी फोन वाजला की मी आधी इस्लामपूरचा नंबर आहे का ते बघते. म्हणून यंदा ती आली तेव्हा मी चंगच बांधला, हिला आता परत पाठवायचं नाही.

पण आईचं एकच. "लेकीकडे चार दिवस पाहुणचार घ्यावा. मुक्काम ठोकू नये. जावयाच्या घरात सासूनं राहायचं, मतलब काय?" ('मतलब' ती इथे येऊन शिकली.) महेश बिचारा "आई, हे तुमचंच घर" म्हणून थकला. ती आमच्याकडे फ्रिजसुद्धा विचारून उघडते.

परतीचं तिकीट सोमवारचं होतं. सुनेत्रा म्हणाली, "अगं, घरात त्या नाहीच म्हणणार. बाहेर ने. माणूस बाहेर पडलं की जरा सैल होतं. मग विचार." पाटणकरनं लगेच मोबाइलवर जगतपुऱ्याच्या बाजूला एक टायनी हाउस हॉटेल शोधलं, म्हणजे बागेत मांडलेली एकेका खोलीची लाकडी घरं. शहरातच, पण शहर सोडून आल्यासारखं. एका घरात दोघंच मावतात म्हणून तीन घरं घेतली. एक त्यांचं, एक आमचं आणि एक आईचं.

*

पोचल्यावर मॅनेजर भंवरजींनी पाटणकरला एका लाकडी खोक्यापाशी नेऊन उभं केलं. खोक्याला चाकं, दार आणि एक खिडकी. पाटणकर आत डोकावला, बॅग खाली ठेवली आणि खुर्चीत बसून राहिला.

भंवरजी म्हणाले, "साहब, और कुछ?"

"नहीं, नहीं. रिसेप्शन अच्छा है. अब रूम दिखाइए."

रूम तीच होती, हे पटायला त्याला चहा लागला. पटल्यावर त्याचं लक्ष चाकांकडे गेलं. मग हा इन्शुरन्सवाला बागेतल्या विटा उचलून आणून चारी चाकांना लावत बसला. भंवरजी लांबून बघत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "साहब, पहिये तो शोभा के हैं. घर तो नीचे सीमेंट में पक्का है."

पाटणकरनं विटा काढल्या नाहीत. म्हणाला, "क्लेमच्या वेळी सगळे असंच सांगतात."

*

संध्याकाळी आईनं तिच्या घरात देवाची तसबीर मांडली आणि उदबत्ती लावली. एवढ्याशा घरात धूर जाणार कुठे? छतावरचा अलार्म असा कोकलायला लागला की बागेतली सगळी माणसं उभी राहिली. भंवरजी आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत आले.

आईला वाटलं, इथे आरतीला अशी घंटा होत असेल. माणूस धावत आलाय म्हणजे भाविक दिसतोय. तिनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. भंवरजींनी सिलिंडर काखेत मारला, साखर कपाळाला लावून तोंडात टाकली आणि मग अलार्म बंद केला. आग कुठे होती, हे त्यांनी विचारलं नाही. त्या क्षणापासून ते आईला माँसा, म्हणजे आईसाहेब, म्हणायला लागले.

*

तिथली सगळी घरं एकसारखी, दारावर नंबरही नाही, नुसती फुलांची नावं. ती कोण लक्षात ठेवणार! आम्ही आपले चपलांवरून घर ओळखत होतो. दाराशी सुनेत्राच्या हिरव्या मोजड्या दिसल्या की पाटणकरांचं घर. चपला बाहेर काढायची सवय मोडत नाही, मग त्याचा असा उपयोग.

दुसऱ्या दिवशी सकाळी साफसफाईवाल्यानं सगळ्यांच्या चपला गोळा करून गेटजवळच्या रॅकवर नीट लावल्या. पाटणकर फिरून आला तो एका घरात शिरला, खिडकीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "चाय पिलाओ भाई." बायकोशी तो लाडात आला की हिंदी बोलतो.

चहा आला. मागे बिस्किटं आली. मग त्यानं वळून बघितलं, तर बाई वेगळ्याच. ओढणी डोक्यावर घेऊन उभ्या आणि शेजारी त्यांचे मिस्टर हात जोडून.

"मग तू काय केलंस?" आम्ही विचारलं.

"प्यायलो. दुसरा कपही घेतला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं." ते लोक जाताना त्याला घरी जेवायला बोलावून गेले. कोण समजून बोलावलं, हे आजवर उलगडलेलं नाही.

*

आता माझं. दुपारी मी आईकडे गेले. मनाशी वाक्यं जुळवून गेले होते. आई, तू पडलीस तेव्हा मी रडले, आता मला सोडून जाऊ नकोस, वगैरे. आत जाऊन टेकले.

"ऊठ, ऊठ," आई म्हणाली, "माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलीस."

मी सरकले. ती म्हणाली, "ती शेगडी आहे." शेवटी मी वरच्या पलंगाकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायरीवर बसले. तिनं मला उठवून ती पायरी खणासारखी ओढली, आतून चिवडा काढला, वाटीत घालून दिला आणि मग बस म्हणाली. इथून ओढायचं, तिथे दुमडायचं, सगळं तिला पाठ. माझ्या फ्लॅटमध्ये चमचा विचारून घेणारी बाई ही! मला आग्रह कर-करून वाढत होती. माझी सगळी वाक्यं चिवड्याबरोबर पोटात गेली आणि मी न विचारताच बाहेर आले. मला खरंच काही सुधरेना.

*

निघायची वेळ झाली. आमच्या बॅगा गाडीत गेल्या, आईचा पत्ता नाही. मी आणि महेश बघायला गेलो, तर ती दाराच्या पायरीवर बसून भंवरजींशी बोलत होती. मला राहवलं नाही. त्या दोघांसमोरच विचारलं, "आई, उद्या तू जाणार आहेस का? राहा ना इथे. मला तुझी फार काळजी वाटते गं."

आई म्हणाली, "राहते की."

मला आधी कळलंच नाही. महेशला कळलं. तो आनंदानं म्हणाला, "चला मग, घरी चला."

"थांबा, महेशराव." मग ती भंवरजींकडे वळली. "भैया, ये घर महिने के भाडे से देते क्या?"

भंवरजी गोंधळले. "माँसा, यहाँ तो लोग दो दिन घूमने आते हैं."

"मी नाही कुठे घूमत. मी इथेच असते."

"अहो आई," महेश म्हणाला, "आपलं घर असताना हॉटेलात कशाला?"

आईनं पदर नीट केला आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"रविवारी जेवायला या दोघं," ती म्हणाली. "येण्याआधी फोन करा मात्र."