तीनदा पहिला आलेला संघ

दर रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या घरात जपान सुरू होतं. तिकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जुन्या जालन्यातली आमची अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणते. तर सर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवतात, पोह्यांची ताटली मांडीवर घेतात आणि फुटबॉल बघतात. तोही जपानच्या पहिल्या फळीचा नाही, दुसऱ्या फळीचा. बघायचंच तर वरच्या नंबराचं तरी बघावं माणसानं, असं मी किती वेळा म्हटलं असेल. ते नुसते हसायचे.

जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर त्यांनी एक यादी केली आहे. नव्व्याण्णव सालापासून त्या दुसऱ्या फळीत कोण कोण पहिलं आलं, त्याची. फळ्यावर लिहितात त्याच गोल, सुबक अक्षरात. नियम साधा आहे. खालच्या फळीत पहिला येणारा संघ पुढच्या वर्षी वरच्या फळीत खेळतो, आणि वर जे शेवटी राहतात ते खाली येतात. यादीतल्या प्रत्येक नावापुढे, वर गेल्यावर त्या संघाचं काय झालं, याचा शेरा आहे. दोन संघ तर वर गेले आणि पहिल्याच वर्षी तिथेही पहिले आले. त्यांच्यापुढे सरांनी लाल शाईने ‘शाबास’ लिहिलंय.

एकदा तांदूळ निवडता निवडता मी ती यादी वाचली. एक नाव तीनदा दिसलं.

“हा तर लई भारी दिसून राह्यला,” मी म्हटलं. “तीनदा पहिला.”

“तीनदा खालच्या फळीत पहिला. म्हंजे मधी परत परत वरून खाली आल्ता. आत्ता बी खालीच हाय.”

“अन् तरी तुम्ही त्याचं कौतुक करून राह्यले?”

“त्याचंच तर करून राह्यलो.”

तो संघ उत्तरेकडचा, बर्फाच्या मुलखातला. खाली आला तरी त्याच्या गावची माणसं घोषणा द्यायला तशीच येतात, असं सर सांगत होते. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. त्याला कारण होतं, आणि ते सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी सरांना मुख्याध्यापक म्हणून बढती मिळाली होती. शाळा भोकरदनकडे, एका आडगावात. शिकवण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नाही. पण तिथे शिकवणं राहिलं बाजूला. खिचडीची रोजची ऑनलाइन माहिती, खोल्यांची दुरुस्ती, बैठका, गावातले दोन गट. एकेक सही करायला सर कागद तीन-तीनदा वाचायचे. दीड वर्ष त्यांनी काढलं आणि मग स्वतःहून अर्ज केला, की हे काम मला जमत नाही, मला पुन्हा साधा शिक्षक करा. असं लिहायला केवढी छाती लागते, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त लाज वाटली.

मी ते लपवलं. गल्लीतल्या बायका मला ‘हेडमास्तरीणबाई’ म्हणायच्या, मी म्हणू दिलं. कुणी विचारलंच तर जवळची शाळा मिळाली म्हणून सांगायचे. लग्नाकार्यात हे बोलताना सर शेजारीच उभे असायचे. त्यांनी मला कधी खोटं पाडलं नाही.

यंदा बढतीच्या यादीत त्यांचं नाव पुन्हा आलं. सोमवारी जाऊन होकार किंवा नकार लेखी द्यायचा होता. रविवारी साडेदहा वाजले तरी मोबाइल तांब्याला टेकला नाही. टेबलावर नकाराचा अर्ज लिहून ठेवलेला होता.

माझं डोकंच फिरलं. “आता तर शाळेतली सगळी ऑनलाइन कामं तुम्हीच करून राह्यले. तुमचे हेडमास्तर तुम्हाला विचारल्याबिगर सही करत न्हाईत. मंग न्हाई कशापायी?”

“काम जमंल आता.”

“मंग?”

“परत खाली यावं लागलं तर? मला त्याचं बिलकुल काही न्हाई. पण तू लोकांना काय सांगशील? मागचंच तू अजून सांगितलं न्हाई.”

आवाज चढला असता तर मी भांडले असते. ते अगदी साधं बोलले, वर्गात एखाद्या मुलाला चूक दाखवावी तसं. मी मोरीत जाऊन भांडी आपटली. दोन पातेली घासून होईपर्यंत कळलं, की राग आपला आपल्यावरच आहे. तशीच ओल्या हातानं बाहेर आले. शेजारच्या मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

“काय हेडमास्तरीणबाई, आज जपान बंद?”

“मावशी, मला हेडमास्तरीण म्हणू नका. सर तीन वर्षांखालीच त्या जागेवरून उतरले. स्वतः अर्ज करून. मी सगळ्यांशी खोटं बोलले. आता त्यांना परत बोलावलंय. परत उतरावं लागलं तर तेबी मीच येऊन सांगीन तुम्हाला.”

मावशींचा हात थांबला नाही. “ठाऊक हाय की. माझी नात त्यांच्याच वर्गात हाय.”

मला बसायला जागा करून देत त्या म्हणाल्या, “सर गेले तर रडंल ती. पण जाऊ द्या त्यान्ला.”

दार उघडंच होतं. मी आत गेले, तर टेबलावर अर्ज नव्हता. त्या जागी चादर अंथरून सर उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होते. मोबाइल तांब्याला टेकलेला होता आणि त्यात हिरव्या मैदानावर माणसं पळत होती.

“अर्धा झाला,” ते म्हणाले. “अर्धा बाकी हाय.”

मी पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच त्या मोबाइलसमोर बसले.

“यातला आपला कोणता?” मी विचारलं.