कन्व्हिन्स कुणाला करतात

"कन्व्हिन्स माहीत नाही तुला? आणि माझ्याच वयाची ना गं तू?"

आंब्याच्या शेडमधल्या सगळ्या बाया हसल्या. विचारणारी अण्णांची मुलगी, पुण्यात शिकणारी. अण्णा म्हणजे पावसच्या या बागेचे मालक. मी नांदेडकडची. सातवीतून घरी बसवलेली. मावशीसोबत इकडं आले तेव्हा अण्णांनीच राहायला खोली दिली. ते उपकार आहेतच.

मावशीच्या लेकीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला मावशीला गावी जायचं होतं. अण्णांना ती हवी होती, पेट्या भरण्यात तिचा हात चालतो. म्हणून मुलगी मला म्हणाली, "मावशीला कन्व्हिन्स कर." मी विचारलं, ते काय असतं? चुकलंच.

"अगं, पटवून द्यायचं. समोरच्यानं आपणहून हो म्हटलं पाहिजे."

तेवढ्यात अण्णा आले. "बाय, रत्नागिरीस येतेस?"

"नाही."

"चल गो, येताना शहाळं पिऊ."

"नको ना बाबा."

"बरं, गाडी तू चालव."

मग उठली.

मी बघत राहिले. जळले. तिच्या इंग्रजीवर नाही. ती नाही म्हणाली, तरी बाप विनवत राहिला, यावर. माझी शाळा सुटली तेव्हा आमचा बाप एवढंच बोलला, "उद्यापासून जायचं नाही." पटवून कोण देणार? मला ‘नाही’ म्हणता येतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पेट्यांची गाडी निघायच्या आधी अण्णांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. हातात नारळ. देवाची किती मनधरणी! वारं आवर, फळ राख, गाडी सुखरूप पोचव. प्रत्येक मागण्याला मागून आम्ही, "व्हय महाराजा."

मग म्हणाले, "आणि ही मावशी मोसम संपेस्तोवर हितंच ऱ्हाऊ दे."

"व्हय महाराजा." मावशीही म्हणाली. खाली बघून.

माझं तोंड मिटलेलं.

"काय गो, मिठाची गुळणी धरलीस?" अण्णांनी विचारलं.

खोली गेली तर कुठं जायचं? तरी बोलले, "अण्णा, देवाला एवढं विनवलंत. मावशीला एकदा तरी विचारलंत का?"

मावशीनं मान वर केली, "मला लेकीकडं जायचंय, अण्णा."

संध्याकाळी मावशीची पिशवी मीच भरली. खोलीचं काय होईल, माहीत नाही. अण्णांचे उपकार विसरणार नाही. पण इथून पुढं मला थांब म्हणणाऱ्यानं आधी का ते सांगायचं. पटलं तर थांबेन. नाही पटलं तर व्हय म्हणणार नाही. देवासमोरसुद्धा.