सापडली नाही म्हणजे नाहीच?

रुग्णालयात तिला पाठीमागे सगळे फटाकडी म्हणत, तोंडावर मात्र ताई. टायपिस्ट म्हणून लागलेली ही बाई पन्नाशी उलटेपर्यंत एकशे चाळीस संगणकांची वैद्य होऊन बसली होती. कुणाचा प्रिंटर रुसला की हाक तिलाच. काम चोख, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

त्या शुक्रवारी मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी एक स्क्रिप्ट पाठवली, म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. प्रत्येक संगणकाच्या पोटात रजिस्ट्री नावाचं एक बाड असतं. कुठला प्रोग्रॅम बसवलाय, कसा चालवायचा, ते त्यात नोंदलेलं. त्यातल्या कप्प्याला 'की' म्हणतात. रक्ताच्या नळ्यांवर लेबलं छापणाऱ्या प्रोग्रॅमची की आहे का, हे ही स्क्रिप्ट आधी बघायची. सापडली तर नुसती सुधारणा घालायची. नाही सापडली तर संगणक कोरा समजून सगळा प्रोग्रॅम नव्याने बसवायची.

ताईंनी ती वाचली आणि फोन उचलला.

"साहेब, लॅबमधला प्रोग्रॅम जुना आहे, बत्तीस बिटांचा. त्याची की रजिस्ट्रीच्या वेगळ्या शाखेत असते. तुमची स्क्रिप्ट एकाच शाखेत डोकावते. तिला ती दिसायचीच नाही."

"माझ्या टेबलावर व्यवस्थित चालली, ताई."

"तुमच्या टेबलावर रक्त तपासत नाहीत! दोन ओळी वाढवते, दोन्हीकडे बघेल."

"तुम्ही काही वाढवू नका. आहे तशी चालवा. आजच."

तिने हरकत ईमेलने लिहून पाठवली. पाचपर्यंत उत्तराची वाट पाहिली. शेवटी दातओठ खात स्क्रिप्ट चालवली.

सोमवारी सकाळी लॅबवाली धावत आली. आवाज न चढवणारी शांत बाई, पण आज दारातूनच ओरडली. दोन्ही हातांत एकेक नळी, आणि दोन्हींवर क्रमांक सतरा.

"प्रोग्रॅम नवा बसवल्यासारखा पुन्हा एकपासून क्रमांक द्यायला लागलाय. जुन्या नळ्यांचे आणि नव्यांचे अहवाल एकात एक गेलेत. तुमच्या संगणकाने सत्तरीच्या आजोबांना गरोदर ठरवलंय!"

हसावं असं होतं, पण हसलं कोणी नाही. कारण याच अहवालांत रक्तगटही होते, आणि दुपारी दोघांना रक्त चढवायचं होतं. ते थांबवलं. सगळे अहवाल रोखले. त्रेसष्ट माणसांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचली. एक म्हातारी बाही वर करत म्हणाली, "शनिवारी काय पाणी काढलं होतं का?" ताई तिच्या दंडाला पट्टा धरून उभ्या राहिल्या. साहेबांवर संताप होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर. एरवी शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना झोडपणारी जीभ शुक्रवारी 'नाही चालवत' म्हणायच्या वेळीच कुठे शेण खायला गेली होती?

संध्याकाळी साहेबांनी कागद पाठवला. 'चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे.' खाली सहीसाठी रेघ.

घरी नवरा घड्याळ दुरुस्त करत बसला होता. कागद वाचून म्हणाला, "करून टाक सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा? अहो, त्या आंधळ्याने पाणीच गढूळ केलंय! स्क्रिप्ट मी चालवली, ते पाप माझं, ते मी लिहून देईन. पण त्याचं पाप मी का अंगावर घेऊ?"

नवऱ्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "मग हेच उद्या तिथे बोल. माझ्यावर ओरडून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या खोलीत, साहेबांसमोर, तिने लॅबमधून आणलेल्या संगणकावर स्क्रिप्टचा तपासणीपुरता भाग चालवला. पडद्यावर उमटलं: की नाही. मग तिने रजिस्ट्री उघडली, दुसऱ्या शाखेत गेली आणि बोट ठेवलं. "ही काय. ढळढळीत बसलीय. सापडली नाही म्हणजे नाहीच, असं कोण म्हणालं?"

"हे आधी सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले.

तिने ईमेलची प्रत टेबलावर आपटली. अधीक्षकांनी ती दोनदा वाचली आणि सहीचा कागद फाडून टाकला.

साहेबांचं मात्र काही वाकडं झालं नाही. ताईंनी नवी तपासणी लिहिली: दोन्ही शाखा बघायच्या, आणि उत्तरं तीन. आहे, नाही, किंवा कळलं नाही. कळलं नाही तर कशालाही हात न लावता थांबायचं. पंधरा दिवसांत ती परिपत्रक होऊन सगळ्या रुग्णालयांत गेली. खाली सही साहेबांची, ताईंचं नाव कुठेच नाही.

"निर्लज्ज मेला," ती म्हणाली, परिपत्रक खणात कोंबलं आणि लॅबमध्ये गेली. चार अहवाल अजून जुळायचे होते.